अक्षय्य तृतीयेचे फळ : निवड, जपणूक आणि अर्पण

वैशाख शुद्ध तृतीया हा साडेतीन मुहूर्तांत गणला जाणारा पुण्यदिवस. या दिवशी केलेले दान, जप आणि तर्पण क्षय पावत नाही अशी श्रद्धा आहे, म्हणून या तिथीला 'अक्षय्य' हे नाव लाभले. या अक्षय्य तिथीला घरोघरी मान मिळतो तो मात्र एका अत्यंत क्षयशील वस्तूला, पिकलेल्या फळाला. कोकणात कित्येक घरी देवापुढे आंबा ठेवल्यावाचून तो मुखी घालीत नाहीत. खानदेशात आखाजीला पाण्याने भरलेल्या घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे ठेवून पितरांचे स्मरण करतात. इतरत्रही उदककुंभाच्या दानाबरोबर आंबा देण्याची चाल आहे. पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपतीला या दिवशी ११ हजार आंब्यांचा महानैवेद्य दाखविला जातो आणि मग तो प्रसाद रुग्णांच्या, वृद्धांच्या आणि अनाथ मुलांच्या मुखी जातो.

भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ आणि पाणी एवढ्यावरच आपली तृप्ती सांगितली आहे. या चौघांपैकी पान, फूल आणि पाणी यांची निवड सोपी असते. पान फाटलेले नसावे, फूल शिळे नसावे, पाणी गढूळ नसावे, हे लहान मुलालाही कळते. फळाचे तसे नाही. फळाचे बाह्यांग एक सांगते आणि अंतरंग दुसरेच असू शकते. म्हणूनच फळ निवडण्यास डोळ्यांबरोबर नाक, कान, हात आणि थोडा विवेक लागतो.

कीर्तनाच्या निमित्ताने आम्ही अनेक वर्षे गावोगावी हिंडत आहोत. देवघरे पाहिली, उत्सवांचे मांडव पाहिले, दानाच्या पाट्याही पाहिल्या. अलीकडे एक गोष्ट मनाला फार खुपते. देवापुढची ताटे पूर्वीपेक्षा अधिक भरलेली दिसतात, पण त्यांतील फळ कापले की आत पांढरे, आंबट आणि निर्गंध निघते. त्याहून वाईट म्हणजे, दानासाठी म्हणून वेगळे आणलेले फळ घरच्या फळापेक्षा हलके असते. एका गावी अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही एका एकाकी वृद्ध बाईंच्या ओसरीवर बसलो होतो. त्यांना आदल्या दिवशी कुंभाबरोबर सहा आंबे मिळाले होते. त्यांनी मोठ्या उत्साहाने आमच्यासाठी एक चिरला, तो आतून काळा. दुसरा चिरला, तोही तसाच. तेवढ्यात दान देणाऱ्या घरची सून रस्त्याने येताना दिसली. बाईंनी चटकन त्या फोडी पदराखाली घेतल्या. ती पुढे गेल्यावर म्हणाल्या, "बुवा, पोरीला वाईट वाटलं असतं हो." दान घेणाऱ्याने दान देणाऱ्याची लाज राखावी, असा हा उलटा प्रकार!

कठोपनिषदाचा आरंभ आठवावा. वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा यज्ञ मांडला खरा, पण दानात दिल्या त्या दूध आटलेल्या, शक्ती सरलेल्या म्हाताऱ्या गाई. त्या नेल्या जाताना पाहून लहानग्या नचिकेताच्या अंतःकरणात श्रद्धा जागी झाली आणि असे दान देणारा आनंदरहित लोकांना जातो, हा विचार त्याला अस्वस्थ करून गेला. अख्खे उपनिषद त्या एका मुलाच्या अस्वस्थतेतून उभे राहिले आहे. गाईच्या जागी आंबा ठेवा, प्रश्न तोच राहतो. आपण देतो ते कोणाच्या उपयोगाचे आहे काय?

वास घेतला तर चालेल काय?

पुष्कळ भाविक गृहिणी आम्हाला विचारतात, "बुवा, वास घेतलेले फूल आपण देवाला वाहत नाही. मग नैवेद्याचा आंबा बाजारात हुंगून घ्यावा की नाही?" प्रश्न रास्त आहे आणि त्यामागची भावना तर फारच गोड आहे.

आमचे उत्तर असे, की परीक्षा म्हणजे उपभोग नव्हे. फुलाचा सुगंध हाच फुलाचा भोग आहे. तो आधी आपण घेतला तर देवाला उरले काय, असा तो संकेत. फळाचा भोग त्याच्या रसात आहे. देठाशी नाक नेऊन ते पिकले की नाही हे पाहणे ही केवळ पारख झाली. सोनार कसोटीवर सोने घासतो, म्हणून ते कोणी वापरलेले मानीत नाही.

येथे शबरीची आठवण येणे स्वाभाविक आहे. शबरीने बोरे चाखून गोड तेवढी रामचंद्रांना दिली, ही कथा आम्ही कीर्तनातून सांगतो आणि श्रोत्यांचे डोळे पाणावतात. पण वाल्मीकींच्या अरण्यकांडात उष्ट्या बोरांचा उल्लेख नाही. ती कथा उत्तरकालीन भक्तिपरंपरेने दिलेले लेणे आहे. वाल्मीकींची शबरी रामांना सांगते ते इतकेच, की पंपेच्या तीरावर उपजलेले नाना प्रकारचे रानमेव्याचे पदार्थ मी तुमच्यासाठी साठवून ठेवले आहेत. आम्हाला तर हे 'साठवून ठेवणे' चाखण्याइतकेच हृद्य वाटते. राम केव्हा येणार हे तिला निश्चित ठाऊक नव्हते. जे वेचले ते निवडावे लागले असेल, जपावे लागले असेल आणि बिघडले ते बाजूला काढावे लागले असेल. भक्तीला प्रतीक्षेची जोड असली की जपणूक आपोआप येते.

झाडावरून उतरल्यावर पिकणारी आणि न पिकणारी

फळांचे दोन वर्ग ध्यानात घेतले की निम्मी निवड सोपी होते. काही फळे तोडल्यावरही पिकतात. आंबा, केळे, चिकू, पपई, सीताफळ, पेरू आणि फणस ही त्या वर्गातली. यांना पिकताना इथिलीन नावाचा वायू आपल्याच अंगातून सुटतो आणि तोच शेजारच्या फळालाही पिकण्याची जाग देतो. दुसरा वर्ग द्राक्ष, संत्रे, मोसंबी, डाळिंब, अननस आणि कलिंगड यांचा. ही फळे एकदा तोडली की त्यांची गोडी वाढत नाही. आंबट संत्रे घरी आठ दिवस ठेवले तर ते सुकेल, पण गोड होणार नाही. तेव्हा पहिल्या वर्गातील फळ थोडे आधी, तयार पण न पिकलेले असे आणावे आणि घरी पिकवावे. दुसऱ्या वर्गातील फळ मात्र पूर्ण तयार असेच घ्यावे आणि सणाच्या एक-दोन दिवसच आधी आणावे.

खरबुजाचे वैशिष्ट्य असे, की ते वेलीवर पूर्ण पिकले म्हणजे देठापासून आपोआप सुटू लागते. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील त्र्यंबकमंत्र ज्यांना मुखोद्गत आहे, त्यांना येथे 'उर्वारुक' हा शब्द आठवेल. काकडीच्या वर्गातील त्या वेलफळाने पिकल्यावर बंधनातून जसे सहज सुटावे, तसे मृत्यूच्या बंधनातून आम्हाला सोडव, अशी ती प्रार्थना आहे. खरबूज हे काकडीचेच कुलबंधू. आमच्या ऋषींनी मोक्षाला उपमा दिली ती ओढून तोडलेल्या फळाची नव्हे, तर आपल्या काळाने पिकून सुटलेल्या फळाची. आखाजीच्या घागरीवर ठेवण्याचे डांगर निवडताना हे स्मरावे. देठाच्या जागी स्वच्छ, गोलसर खळगी असेल तर ते वेलीवर पिकून सुटलेले; देठाचा तुकडा घट्ट चिकटून असेल तर ते बहुधा घाईने कापलेले. देठाच्या विरुद्ध टोकाला गोड दरवळ असावा आणि सालीवरील जाळी उठून दिसावी.

कलिंगडाची परीक्षा निराळी. ते जमिनीवर ज्या अंगाने टेकलेले असते तो डाग पांढरा नसून पिवळसर असावा, आकाराच्या मानाने फळ जड लागावे आणि बोटाने टिचकी मारली असता आवाज खणखणीत न येता दबका, भरीव यावा. चिकूची साल नखाने हळूच खरवडावी. खाली हिरवे दिसले तर तो अजून कच्चा आहे. नारळ हलविल्यावर पाणी वाजावे आणि त्याचे तिन्ही डोळे कोरडे असावेत. डोळ्याशी ओल वा बुरशी असेल तर तो नारळ कलशावर मुळीच ठेवू नये.

आंब्याची पारख

आता या तिथीचा राजा आंबा. झाडावर तयार झालेल्या हापूसचे खांदे देठाच्या वर उचललेले असतात आणि देठाशी लहानशी खळगी पडते. कोवळ्या आंब्याचे खांदे उतरलेले असतात. तो घरी पिवळा होईल, मऊही होईल, पण त्याला स्वाद येणार नाही; कालांतराने सुरकुतून जाईल. जाणता बागाईतदार झेल्याने आंबा उतरवितो आणि थोडा देठ राखतो. देठ मुळाशी तुटला की चीक सालीवर ओघळतो, तेथे डाग पडतो आणि तेथूनच पुढे कूज शिरते. म्हणून देठासह असलेला, चिकाचे काळे ओघळ नसलेला आंबा घ्यावा.

निसर्गतः पिकलेल्या आंब्याचा रंग सर्वत्र सारखा नसतो. कोठे केशरी, कोठे पिवळा, कोठे हिरवट छटा. पण खोली उघडताच त्याचा घमघमाट सुटतो. याउलट पेटीतील सगळे आंबे एकाच पिवळ्या रंगाचे, हाताला मात्र कठीण आणि नाकाला निर्गंध असतील, तर शंका घ्यावी. असा आंबा कॅल्शियम कार्बाइडच्या पुडीने पिकविलेला असण्याचा संभव असतो. ही पूड ओल लागली की ॲसिटिलीन वायू सोडते आणि त्याने सालीला रंग चढतो, पण आतला गर पिकत नाही. कारखान्यात वापरावयाच्या या पदार्थात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. म्हणूनच फळे पिकविण्यासाठी त्याचा वापर कायद्याने निषिद्ध आहे. २०११ च्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही ती बंदी स्पष्ट आहे. इथिलीन वायूने, ठरवून दिलेल्या मर्यादेत, बंद खोलीत फळे पिकविण्यास मात्र अनुमती आहे. ती मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग अशी आहे. हा वायू फळाचा स्वतःचाच असल्यामुळे त्यात विटाळ मानण्याचे कारण नाही. दोष आहे तो विष वापरण्यात आणि कोवळे फळ घाईने तोडण्यात.

नावाचीही पारख करावी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. इतर प्रांतांतील आंबा वाईट असतो असे मुळीच नव्हे. तो त्याच्या नावाने घ्यावा आणि आनंदाने देवाला दाखवावा. केसर, पायरी, गावठी रायवळ, देवाला सारे सारखेच. खोट्या नावाने दुप्पट दाम देऊन आणलेल्या पेटीपेक्षा दारच्या झाडाचे चार रायवळ आंबे केव्हाही अधिक पवित्र.

हापूसचा एक दोष बाहेरून कळत नाही, तो म्हणजे साका. वरून निर्दोष दिसणाऱ्या फळाच्या गरात पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग निघतो. यात विक्रेत्याची लबाडी नसते, म्हणून त्याच्याशी भांडू नये. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही साका न पडणारी जात १९८१ साली दिली. साक्याचा धोका टाळावयाचा असेल त्यांनी तिचा शोध घ्यावा.

एक विनंती अगदी हात जोडून. पाटीतले प्रत्येक फळ अंगठ्याने दाबून पाहू नये. फळ तळहातावर घ्यावे, त्याचा भार पाहावा, देठाशी वास घ्यावा, एवढे पुरे. अंगठा रुतला त्या जागी दोन दिवसांत काळा डाग उमटतो. आपण ते फळ ठेवून पुढे जातो. ते दुसऱ्या कोणाच्या तरी घरी, दुसऱ्या कोणाच्या तरी देवापुढे जाते, किंवा त्या गरीब विक्रेतीच्या पाटीत नासून तिचे नुकसान होते. भागवताच्या दशम स्कंधात फळे विकणारी एक बाई गोकुळात येते. बाळकृष्ण ओंजळीत धान्य घेऊन धावत येतो, वाटेत ते बरेचसे सांडूनही जाते. तरी ती घासाघीस करीत नाही, त्याची दोन्ही चिमुकली हातांची ओंजळ फळांनी भरून देते. तिची पाटी रत्नांनी भरली. ही कथा ऐकताना डोलणाऱ्यांनी बाजारात निदान योग्य दाम द्यावा आणि पाटीची नासाडी करू नये.

घरातील जपणूक

कच्चा आंबा सणाच्या साधारण आठ-दहा दिवस आधी घरी आणावा आणि भाताच्या पेंढ्यात अढी घालावी. पेंढा नसेल तर कागदाचे थर चालतील. जागा कोरडी, वारा लागणारी, उन्हापासून दूर असावी आणि फळे एकावर एक रचू नयेत. पूर्वजांना त्या वायूचे नाव ठाऊक नव्हते, पण त्याचे काम पुरेपूर ठाऊक होते. पेंढ्यात ऊब राहते, फळाचा वायू कोंडून राहतो आणि अढी हळूहळू, एकसारखी पिकते. रोज सकाळी अढी पाहावी. एक नासका आंबा सारी अढी नासवतो, ही म्हण केवळ संगतीचा उपदेश नव्हे, ती घरातली रोजची सूचना आहे. नासलेले फळ बुरशी तर पसरवितेच, शिवाय भरपूर इथिलीन सोडून इतरांनाही वेळेपूर्वी पिकवून टाकते.

सण दोन दिवसांवर आला आणि आंबे अजून कठीण असतील, तर त्यांच्यासमवेत कागदी पिशवीत एक पिकलेले केळे ठेवावे. उलट फळे लौकर पिकून जाण्याची भीती असेल, तर पिकलेली आणि कच्ची निराळी करावीत. केळ्यांचा घड टांगून ठेवावा, म्हणजे खालच्या केळ्यांवर भार येत नाही.

कच्चा आंबा अथवा कच्चे केळे शीतकपाटात ठेवू नये. सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या खाली त्यांना थंडी बाधते. मग ती नीट पिकत नाहीत, साल काळवंडते आणि स्वाद उणावतो. आंबा पूर्ण पिकल्यावर तीन-चार दिवस शीतकपाटात सुखाने राहतो. नैवेद्यापूर्वी तासभर तो बाहेर काढून ठेवावा, म्हणजे त्याचा सुगंध परत येतो.

फळे आणल्याबरोबर सगळी धुऊन भरून ठेवण्याची सवय सोडावी. ओल राहिली की बुरशीला निमंत्रण मिळते. धुवावयाचे ते वापरण्याच्या वेळी, वाहत्या स्वच्छ पाण्याने. आंबा तासभर पाण्यात ठेवण्याची जुनी चालही चांगली आहे, देठाकडचा चीक त्याने निघून जातो. कलिंगड आणि खरबूज चिरण्यापूर्वी वरूनही नीट धुवावीत. सालीवरची माती सुरीबरोबर गरात जाते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

नैवेद्याचे फळ अखंड ठेवावे आणि नैवेद्य होताच काढून घ्यावे. वैशाखाच्या उकाड्यात, समईच्या उष्णतेशेजारी ते दोन-दोन दिवस देवापुढे राहू दिल्याने भक्ती वाढत नाही, फळ मात्र वाया जाते. चिरलेले फळ या दिवसांत दोन तासांहून अधिक उघड्यावर ठेवू नये. लहान मुले आणि वृद्ध यांच्या पोटाला त्याचा त्रास लौकर होतो. प्रसाद घेऊन कोणी आजारी पडावे, यासारखी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही.

अतिपक्व झालेले, पण न नासलेले आंबे टाकू नयेत. त्यांचा रस आटवून ठेवावा, किंवा कोकणातल्या रीतीप्रमाणे तो ताटात पसरून उन्हात त्याची साठे घालावीत. बुरशी धरलेले मऊ फळ मात्र तेवढाच भाग कापून वापरू नये. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. ते गाईलाही घालू नये. घरात आपण खाणार नाही ते गोमातेला, हा कसला न्याय? ते झाडाच्या आळ्यात मातीखाली पुरावे. पुढच्या वर्षीच्या फुलाफळांना त्याचे खत होईल.

किती आणावे?

फळे आणावयास निघण्यापूर्वी घरात बसून मोजणी करावी. देवापुढे किती, पितरांच्या नावे किती, दानाचे किती आणि घरच्या माणसांना किती. तेवढीच आणावीत. स्वस्त मिळाली म्हणून चार पेट्या आणून त्यांतली एक कुजविण्यात ना संसार आहे, ना परमार्थ. दोन फळे परवडत असतील तर दोनच आणावीत. पाने मोजून नैवेद्य स्वीकारणारा देव आपला नाही.

आणि पेटी उघडली, की पहिला हात दानाच्या फळांसाठी घालावा. सर्वांत डौलदार, सर्वांत सुगंधी, उद्या खाण्याजोगे असे आंबे आधी उदककुंभापाशी ठेवावेत, मग देवापुढे, मग आपल्या ताटात. कोणी म्हणेल, देवाच्या आधी दान कसे? त्याला आमचे सांगणे असे, की ज्याच्या घरी ते आंबे जाणार आहेत तेथेही देवघर आहेच. तेथे ते आधी देवापुढेच ठेवले जातील. मिळाल्यास दान नेताना एक आंबा त्यांच्यासमोर चिरून आपणही त्यांच्याबरोबर खावा. मग आत काय निघाले हे दोघांनाही एकदमच कळते आणि कोणाला काही पदराखाली लपवावे लागत नाही.

फळ आज ना उद्या नासणारच, त्याचा तो धर्म आहे. ते नासण्यापूर्वी योग्य मुखी पडले तर त्याचा गोडवा देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्याही स्मरणात राहतो, आणि तेवढ्यापुरते त्या क्षयशील फळाला या तिथीचे नाव शोभते. वाचकांच्या घरी यंदाची अक्षय्य तृतीया अशी सुफळ होवो, ही श्रीचरणी प्रार्थना.